अकरावा डोळा

३ फेब्रुवारी

चि. घारू यास,
अ. उ. आ. विशेष.

सोबतच्या पत्र्याच्या डबीत, कापसाच्या गादीवर, तुझा अकरावा डोळा निजलेला आहे. डबी उघडशील तेव्हा खाली टॉवेल अंथर. दहावा तू वॉशबेसिनमध्ये पाडलास आणि वर मलाच विचारलंस की चरा कसा पडला. पोचला म्हणून फोन करू नकोस. फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. पत्र निदान घडी घालून ठेवावं लागतं, म्हणजे पुन्हा उघडलं जायची आशा उरते.

डोळा नेहमीच्या रीतीने रंगवला आहे. उत्तरेच्या खिडकीशी बसले, डाव्या डोळ्यावर भिंग चढवलं, समोर आरसा ठेवला आणि आरशात माझा उजवा डोळा बघत बघत तुझं बुबुळ उतरवलं. तुझा खरा उजवा डोळा एवढ्या लांबून नमुन्याला कुठून आणू? पण आजीने घारा रंग आपल्या दोघांनाच दिला आणि तोही एकाच डब्यातला, त्यामुळे माझा आरसा म्हणजे तुझंच तोंड. आजवर दहा डोळे असेच रंगवले आणि दहाही वेळा तू काही बोलला नाहीस. तू गप्प बसलास की काम जमलं असं मी धरते.

माझं म्हणशील तर उजव्या डोळ्यात काचबिंदूचे थेंब घालायला लागून आता दीड वर्ष झालं. दाब उतरला आहे, पण थेंबांनी पापणीचं पार रूप पालटून टाकलंय. उजव्या पापणीचे केस इतके वाढलेत की चष्म्याच्या काचेला झाडू मारतात. कातडी काळवंडली. आणि वरची पापणी अशी आत ओढली गेली आहे की भुवईखाली बोट मावेल. डावा डोळा मात्र होता तसाच. परवा एक गृहस्थ मुलाचा डोळा बसवून घ्यायला आले होते, ते माझ्याकडे निरखून बघून म्हणाले की तुमचा स्वतःचा तर फारच सुरेख जमलाय, अगदी खरा वाटतो. मी त्यांना सांगितलं की तो खराच आहे, खोटे डोळे मी याहून चांगले बनवते. बिचारे निघेपर्यंत जमिनीकडेच बघत होते.

समोरच्या शिवणवालीने मला काळा चष्मा सुचवला. तिला म्हटलं, जन्मभर लोकांच्या चेहऱ्यावर डोळे बसवले, आता माझा चेहरा काचेआड घालू का? डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्यांनी औषध बदलून पाहिलं. एक माझ्या दम्याला चालेना, दुसऱ्याने डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. मग मीच म्हटलं की पहिलंच द्या. पापणी गेली खड्ड्यात, नजर राहिली म्हणजे झालं.

आता तेच ते. हा आजार घराण्यातून येतो. बहिणीला झाला की भावाने तपासून घ्यायचंच असतं. हे मी पाचव्यांदा लिहिते आहे. तुला डोळा एकच आहे हे सगळ्या जगापासून लपवलंस ते ठीक, डॉक्टरपासून तरी लपवू नकोस.

धाकटीला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहेच, ती वाढवायची की आटवायची हे तुझ्या तपासणीवर आहे.

तुझी,
अक्का


१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डबी पोचली. टॉवेल अंथरला होता, दोन अंथरले होते. डोळा बसतो छान, कुठे टोचत नाही, पाणी येत नाही. तुझ्या हाताला तोड नाही हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील.

अक्का, डोळा काळा आहे. म्हणजे अगदी काळा नव्हे, पण घाराही नाही. माझा उजवा पातळ चहाच्या रंगाचा आणि हा डावा तासभर उकळलेल्या चहाचा. मी मोठ्या ऐटीत तो लावून नाश्त्याला बसलो तर तुझ्या भावजयीने, धाकटीने, माझ्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. आधी हसली, मग ताबडतोब हसायची थांबली. मला दिव्याचा दोष वाटला. तसाच कामावर गेलो. काउंटरवर आमच्याकडची नवी मुलगी माझ्याकडे एकदा बघून कामाला लागली आणि मग तिने दुसऱ्यांदा बघितलं. त्या दुसऱ्यांदा बघण्याची मला शाळेपासून ओळख आहे. पोटात कळ आल्याचं सांगून घरी पळालो आणि चरा पडलेला दहावा लावून परत गेलो. शाळेत मुलं मला जे म्हणायची तो शब्द दिवसभर कानात होता. लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

तू चेष्टेवारी नेशील, पण तीस वर्षं मी या हॉटेलच्या काउंटरवर उभा आहे आणि तिथल्या एकालाही माझा डावा डोळा बनवलेला आहे हे माहीत नाही. मी नेहमी काउंटरच्या डाव्या टोकाला उभा राहतो, म्हणजे येणारा जाणारा सगळा उजव्या हाताला राहतो. कुणी डावीकडून हाक मारली तर नुसती नजर वळवायची नाही, अख्खी मान वळवायची. लोकांना ते अदबीचं वाटतं. आता नवीन मालक आलेत. मला स्वागतकक्षाचा मुख्य करायचं ठरलंय आणि मे महिन्यात माझा मोठा रंगीत फोटो दारातच लागणार आहे. अशा वेळी तू मला दोन रंगांचे डोळे पाठवतेस!

अकरावा टायच्या खणात ठेवला आहे. खरं सांग, तुला रंग दिसताहेत ना नीट? काळजी वाटते म्हणून विचारतो, टोमणा नाही. तपासणीचं म्हणशील तर मला काहीही होत नाहीये. माझा एकुलता एक डोळा दोघांचं काम करतो, त्याला उगाच कशाला छेडायचं?

लोभ आहे, तो या रंगाच्या गोंधळातही टिकावा.

तुझा,
घारू


२८ फेब्रुवारी

चि. घारू यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मी संतापले. मला रंग दिसतात का विचारतोस! मी चाळीस वर्षं माणसांच्या बुबुळातले रंग वेगळे करते आहे. तुला तोंडावर पाडावं म्हणून तडक खिडकीशी जाऊन बसले, भिंग चढवलं, आरशात बघितलं. रंग बरोबर. मग काय सुचलं कोण जाणे, भिंग उतरवून बघितलं.

घारू, माझे दोन डोळे दोन रंगांचे आहेत. डावा आजीचा घारा आणि उजवा तू म्हणतोस तसा, उकळलेल्या चहाचा. हे थेंब घाऱ्या बुबुळात हळूहळू काळसर रंग चढवतात आणि तो पुन्हा उतरत नाही. औषधाच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी पापणीबद्दलचं वाचलं, चार शिव्या दिल्या आणि घडी घातली. पुढचं वाचलंच नाही. आणि काम करताना डावा डोळा कायम भिंगाखाली, म्हणजे आरशात मला एकटा उजवाच दिसायचा. रोज थोडा थोडा बदलला, मी रोज त्याच्याकडेच बघून माझा नमुना मानत राहिले. पापणीचे केस मोजत बसले आणि बुबुळ डोळ्यांदेखत बदललं ते कळलं नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं. एकटीच बसून हसले, मग शिवणवालीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली की हे तिला सहा महिन्यांपूर्वीच दिसलं होतं, मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. तिला वाटेल ते बोलले.

तो अकरावा फोडून टाक. बारावा माझ्या डाव्या डोळ्यावरून करते.

आता हसणं पुरे. माझ्या उजव्या डोळ्याच्या नजरेचा नाकाकडचा एक तुकडा गेलेला आहे. केव्हा गेला ते मला सांगता येत नाही, कारण तो जात होता तेव्हा डावा सगळं सांभाळून घेत होता. दुखलं नाही, खुपलं नाही. मला काहीही होत नव्हतं, अगदी तुझ्यासारखं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं. तुझ्याकडे सांभाळून घ्यायला दुसरा आहेच कुठे? तो मीच रंगवलेला आहे, त्याला काही दिसत नाही हे मी शपथेवर सांगते.

पंधरा दिवस देते. नाहीतर मी स्वतः येईन आणि तुझ्या काउंटरपुढे उभी राहून मोठ्या आवाजात तुला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारीन.

माया आहे म्हणूनच धमकी आहे.

अक्का


२२ मार्च

ती. अक्कांस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी आमच्या वाचनालयातून लिहिते आहे, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाआड बसून. ह्यांना कळता कामा नये. तुमच्या पत्रानंतर दोन दिवस घुश्शात होते, तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन तपासून आले. मला त्यांच्या कोटाच्या खिशात कागद सापडला तेव्हा कळलं. अक्का, दाब अठ्ठावीस आहे आणि आतल्या नसेला इजा सुरू झाली आहे. डॉक्टरांनी तुमचेच थेंब दिलेत, रोज संध्याकाळी एक.

बाटली फ्रिजच्या दारात आहे, मोहरीच्या बरणीमागे. बारा दिवस झाले, सील तसंच आहे. मी रोज बघते. विचारलं तर म्हणतात की घातलाय. त्यांनी आजवर माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि आता रोज संध्याकाळी बोलतात.

काल न्हाणीघराचं दार उघडं राहिलं होतं. आरशापुढे पट्टी घेऊन उभे होते आणि उजव्या पापणीची उंची मोजत होते. मग मात्र बोलते झाले. म्हणाले की थेंब घातले तर खरा डोळा तुमच्यासारखा आत जाणार, काळवंडणार, त्याचे केस वाढणार आणि खोटा तसाच राहणार, मग कुणालाही कळेल. फोटो होऊ दे, मग सुरू करतो. मी म्हटलं की दिसलंच नाही तर फोटो बघणार कोण? तर पट्टी ठेवून बाहेर गेले.

मला डोळा घारा, काळा, निळा कसलाही चालेल हो. हे घरात आंधळे झालेले मला चालणार नाहीत. माझं ऐकत नाहीत. तुम्ही असं काही लिहा की त्याची घडीच घालता येणार नाही.

तुमचा आधार आहे, तो असाच असू द्यावा.

धाकटी


२६ मार्च

चि. घारू यास,
आशीर्वाद आज उधार. आधी वाच.

धाकटीने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर डोळे वटारायचे नाहीत, वटारायला तुझ्याकडे एकच आहे. बाटली मोहरीमागे आहे हेही मला ठाऊक आहे.

तू आठ वर्षांचा होतास. कुंपणाची तार उसळली आणि डोळा गेला. दवाखान्यातल्या माणसाने तयार डोळ्यांचा ट्रे पुढे केला आणि त्यातला एक तपकिरी, टक लावून बघणारा डोळा तुला बसवला. घारा त्यांच्याकडे नव्हताच. शाळेत तुला दुरंगी म्हणायला लागले. तू लिहीत नाहीस तो शब्द मी लिहिते, दुरंगी. तू जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खायचास. मी पंधरा वर्षांची होते. एकोणिसाव्या वर्षी मी घरात भांडून त्या डोळे बनवणाऱ्या म्हाताऱ्याच्या कारखान्यात गेले. तिथे मुली घेत नव्हते. मी तीन महिने नुसतं प्लास्टर कालवलं. बाविसाव्या वर्षी तुझा पहिला घारा डोळा केला, तू तो लावलास आणि घराबाहेर पळत सुटलास. मी दारात उभी राहून रडले. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते, कारण तो डोळा मी तुला चारचौघांत हिंडता यावं म्हणून केला होता. त्याच्या जोडीला शोभावं म्हणून तू खऱ्या डोळ्याचा बळी द्यायला निघशील हे मला ठाऊक असतं तर प्लास्टरच कालवत बसले असते.

आता कामाचं. तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. डोळा काढलेल्या बाजूची वरची पापणी वर्षावर्षाने आत जाते. तुझीही जाते. कुणाला दिसत नाही, कारण तुझ्या प्रत्येक डोळ्याची वरची कड मी मुद्दाम जाड करते, ती पापणीला आतून उचलून धरते. सहाव्या डोळ्यापासून दर वेळी थोडी जास्त. म्हणजे तू ज्या खड्ड्याला घाबरतोस तो तुझ्या चेहऱ्यावर वीस वर्षं आहेच, मी भरत आले आहे. थेंबांनी उजवी पापणी आत गेली तर मी डावीचा भराव काढून टाकीन. एक कानस लागेल आणि अर्धा तास. दोन्हीकडे सारखा खड्डा. बुबुळ काळं झालं तर काळं रंगवीन. पापणीचे केस वाढले तर कात्री तुझ्या घरात आहेच, धाकटीला कापायला सांग, स्वतः कापू नकोस. तुझा डावा एकोणचाळीस वर्षं उजव्याच्या मागून चालतो आहे, पुढेही चालेल. ते माझं काम. तुझं काम संध्याकाळी एक थेंब.

नाही जमला हा थेंब तर डॉक्टरांना सांग, दुसरा मागून घे. मला दमा आहे, तुला नाही, तुला कदाचित चालेल. पण स्वतःच्या मनाने बाटली मोहरीमागे ठेवायची नाही. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धर आणि पापणीवर ओघळेल ते लगेच पूस, म्हणजे कातडी कमी काळी होते.

मागच्या आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. नवा डोळा काही केल्या बसवू देईना. माझ्याकडे बघून तिने विचारलं की तुमचाही बनवलेलाच का. मी सांगितलं की नाही, हा खरा आहे, त्याला वाचवायला मी भांडते आहे म्हणून तो असा दिसतो. तिने बराच वेळ बघितलं आणि मग डोळ्यावरचा हात बाजूला घेतला. तू चोपन्न वर्षांचा आहेस.

थेंब पडल्याचं कळव. मग आशीर्वाद पाठवते.

अक्का


९ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू लांब बसून शूर आहेस. तुझ्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस डोळा गमावूनच येतो, तिथे तुझी पापणी आत गेली काय आणि बाहेर आली काय. काउंटरवर उभी राहून दाखव. तिथे माणूस दार ढकलून आत येतो तो पहिल्यांदा माझा चेहरा बघतो.

आणि लपवायचं मला कुणी शिकवलं, ते सांग. डोळ्याच्या पांढऱ्यावर लाल रेशमाचे धागे लावून शिरा कोण काढतं? पापणीला आतून उचलून कोण धरतं, आणि तेही मला न सांगता? दर चार वर्षांनी डबी यायची आणि तिच्यात एकच निरोप असायचा की कुणालाही कळणार नाही. मी तो निरोप पाळला. आता तूच म्हणतेस की ताठ मानेने हिंड. ताठ मान मला वळवता येत नाही अक्का, मला सतत डावीकडे बघावं लागतं.

हे लिहायचं होतं ते लिहिलं. आता दुसरं.

परवा थेंब सुरू केले. तुझ्या पत्रामुळे नाही, ते मी घडी घालून ठेवलं होतं. आमच्याकडे दरवर्षी येणारे एक वयस्कर पाहुणे आहेत, निवृत्त नावाडी. ते आले, मी उभा होतो, हसून बोललो, आणि त्यांचा एकाएकी चेहरा उतरला. नवी मुलगी मागून माझ्या कानात कुजबुजली की त्यांनी हात पुढे केलाय. मी खाली बघितलं. हात माझ्या उजव्या बाजूलाच होता, कमरेएवढ्या उंचीवर. उजव्या बाजूला, अक्का! जिथे मी जन्मभर सगळ्या जगाला उभं केलं तिथे. मला तो दिसलाच नव्हता. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि काहीतरी थाप मारली. मग कोठीघरात जाऊन बसलो.

त्या संध्याकाळी मोहरीची बरणी बाजूला केली. धाकटीने घातला. चुरचुरलं. ती माझं डोकं धरून बसून राहिली.

फोटो मात्र काळा चष्मा लावून काढणार आहे. तेवढं मला करू दे. बारावा पाठव.

राग आहे तेवढाच लोभही आहे, दोन्ही पोचावेत.

घारू


१६ एप्रिल

चि. घारू यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. मागचे उधार धरून.

तुझं बोलणं लागलं. खरं आहे म्हणून लागलं. दोन दिवस कामाला हात लावला नाही. मला वाटायचं मी तुला चेहरा दिला. तुला काउंटरचं डावं टोक तेवढं दिलं, हे मला कळलंच नव्हतं. मुलं दुरंगी म्हणायची तेव्हा मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते तर बरं झालं असतं. मी डोळाच बदलला, आणि तुला वाटलं की चूक तुझ्या डोळ्याची होती.

सोबत बारावा. या खेपेला भिंग उतरवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, डाव्यावरून रंगवला. वेळ दुप्पट लागला. घारा आहे, अगदी आजीचा. चष्म्याचं तुझं तू ठरव. थेंब चुकवू नकोस, एवढंच मागते.

माझ्याकडून माया कधी कमी पडली असेल तर ती बारा डोळ्यांत शोध.

तुझी,
अक्का


२० मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्या कामाचं. दाब सतरा. डॉक्टर खूश आहेत. गेलेला तुकडा गेलाच, उरलेला जागेवर आहे. पापणीच्या केसांना सुरुवात झाली आहे. धाकटी म्हणते की एवढे लांब केस बाईला असते तर कामाला आले असते, माझ्यावर वाया चाललेत.

काल फोटो होता. आदल्या दिवशी काळा चष्मा आणला. सकाळी टाय काढायला खण उघडला आणि तुझा अकरावा हाताला लागला. फोडला नव्हता. तुझ्या हातची वस्तू मला फोडवत नाही. तो हातात घेऊन मी बसलो. मग लक्षात आलं की हा चुकलेला नाहीच. वर्षा-दोन वर्षांनी माझा उजवा असाच होणार आहे. तू चुकून पुढचाच करून ठेवलास. मी बारावा काढला आणि अकरावा लावला. चष्मा खणात टाकला. धाकटी दारात उभी होती, तिने या वेळी चमचाही पाडला नाही, माझा टाय सरळ केला.

काउंटरवर गेलो तो सरळ मधोमध उभा राहिलो. सगळ्यांना बोलावलं. सांगितलं की माझा डावा डोळा बनवलेला आहे, वयाच्या आठव्या वर्षापासून, तो माझी बहीण बनवते आणि तिच्याइतके चांगले डोळे कुणी बनवत नाही. उजव्याला काचबिंदू आहे, तोही आता रंग बदलणार आहे, उजवीकडे खाली मला नीट दिसत नाही, तेव्हा हात पुढे कराल तर तोंडाने सांगा.

कपडे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या की हे नवीन काय सांगताय? त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होतं. सामान उचलणाऱ्या दादाला त्याच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. चहावाला म्हणाला की साहेबांचा चहा कायम उजव्या हाताला ठेवायचा, डावीकडे ठेवला की सांडतो, हे त्याला त्याच्या आधीच्या चहावाल्याने कामाला लागतानाच सांगितलं होतं. अक्का, मी आठवून बघितलं. तीस वर्षांत माझ्या डाव्या हाताला कुणी कधी कप ठेवला नाही. खुर्ची ठेवली नाही, बॅग ठेवली नाही. मला वाटायचं मी सगळ्यांना उजवीकडे उभं करतो. ते आपणहून उभे राहत होते. मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. उजव्याने. डावा तुझा, तो कोरडाच राहिला.

फोटोवाल्याने फोटो काढून झाल्यावर हळूच विचारलं की डोळे एकसारखे करून देऊ का, मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे. मालकही मागे उभे होते. मी म्हणालो की दोन्ही रंग जसेच्या तसे छापायचे, एकातही हात घालायचा नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मान डोलावली. आज सकाळी फोटो लागला. दार ढकललं की समोर मीच. आज नवी मुलगी डाव्या टोकाला उभी होती, मी तिथे गेलो नाही.

बारावा डबीत घालून तुझ्याकडे परत पाठवतो आहे. सुरेख आहे, आजीचाच आहे, जपून ठेव. मला लागणार नाही. माझ्या डाव्याने एकोणचाळीस वर्षं उजव्यामागून फरफट केली. आता तो पुढे गेलाय. उजव्याला मागून येऊ दे, थेंबाथेंबाने.

नजर आहे तोवर पत्र लिहीन, आणि तुझा लोभ आहे तोवर नजर राहील असं धरून चालतो.

तुझा,
दुरंगी